महाशीर परत आला, असं केव्हा म्हणायचं?

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की आमच्या कोल्हापूरकडच्या कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या काठावर चढणीच्या माशांसाठी गर्दी होते. मासा गढूळ पाण्याच्या उलटा चढत ओढ्या-ओहोळांत शिरतो, आणि त्या चार-सहा दिवसांत जे दिसतं त्यावर वर्षभराचं मत ठरून जातं. ‘यंदा मासा लई आलाय’, नाहीतर ‘नदीत आता काय ऱ्हायलं न्हाई’. मत असायला कुणाची हरकत नाही. पण त्याच मतावर मत्स्यबीज (वाढवलेली माशांची पिल्लं) कुठं सोडायचं, कुठल्या डोहात जाळं टाकू द्यायचं, बंदी ठेवायची की उठवायची हे ठरू लागलं, तर चूक एका हंगामात भरून निघत नाही.

हा लेख नवख्यांसाठी आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, मच्छीमार सोसायटीतली तरुण पोरं, नदीवर प्रेम करणारी मंडळी, कुणीही. एखाद्या नदीत घटलेला रानटी मासा सावरतोय का, हे तपासायची रीत यात पायरीपायरीनं सांगितली आहे. आपला मासा महाशीर. रीत मात्र बरीचशी सॅमनकडून घेतली आहे, कारण माशांच्या मोजणीचा एवढा जुना आणि चिकाटीचा हिशोब दुसऱ्या कुठल्याच नदीमाशाचा नसेल. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. तिथं काचेच्या खिडकीसमोर माणूस बसवून वर जाणारे मासे १९३८ पासून मोजले जातात. एवढ्या वर्षांत लोकांची फसगत कुठं-कुठं झाली, तेही त्या हिशोबात दिसतं. आपल्याला ते फुकट शिकायला मिळतंय.

शब्दांत अडकायला नको म्हणून आधीच सांगतो. मासा सावरला याचा अर्थ मी असा धरतो: याच नदीत जन्मलेला मासा वाढून विणीला येतो, त्याची पिल्लंही पुढं विणीला येतात, आणि हे आपण बाहेरून बीज न ओतता काही पिढ्या चालत राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढंच तपासण्यासाठी आहेत.

आधी परवानगी आणि जिवाची काळजी

जाळं लावून नमुना घ्यायचा असेल तर त्या पाण्याचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिची आणि मत्स्यव्यवसाय खात्याची लेखी परवानगी घ्या. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची लागते. पुराच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. मगरीचा वावर असलेल्या भागात तर उन्हाळ्यातसुद्धा काठावरूनच काम करा, आणि कुठं उतरायचं हे गावातल्या मच्छीमाराला विचारूनच ठरवा.

पहिली पायरी : कोणता मासा, कुठला मासा

सॅमन समुद्रात वाढतो आणि विणीला मात्र आपल्या जन्माच्या ओढ्यावर, पाण्याचा वास ओळखत परत येतो. त्यामुळं एका ओढ्याचा मासा संपला तर शेजारच्या ओढ्याचा मासा येऊन ती जागा सहजी भरत नाही. आयडाहो राज्यातल्या रेडफिश तळ्याचा सॉकाय सॅमन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर वर चढून, आठ धरणं ओलांडून येतो. १९९१ मध्ये तो संकटग्रस्त ठरला आणि १९९२ मध्ये त्या तळ्यात एकच नर पोचला. त्याच वर्षी कोलंबियाच्या खालच्या धरणांवरून सॉकाय हजारोंनी वर जात होते, पण ते दुसऱ्या फाट्यांचे होते. नुसती एकूण बेरीज बघणाऱ्याला रेडफिशचा मासा संपत आल्याचा पत्ताही लागला नसता.

आपल्याकडंही हेच सूत्र धरा. कासारीचा महाशीर आणि भोगावतीचा महाशीर एकच गट आहेत असं सिद्ध होईपर्यंत दोन्ही वेगळे मोजा आणि वेगळे लिहा. दख्खनी महाशीराची शास्त्रीय नोंद ब्रिटिश अधिकारी सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केली. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तो आधी ‘संकटग्रस्त’ होता, आता ‘कमी चिंतेचा’ आहे. ही यादी पूर्ण जातीबद्दल बोलते, तुमच्या गावच्या डोहाबद्दल नाही. त्या आधारावर कुणी ‘आता बंदी कशाला?’ म्हणालं तर एवढं उत्तर पुरे.

ओळख पक्की करा. महाशीराचे खवले मोठे असतात. अंगाच्या मध्यरेषेवर मोजले तर पंचविसाच्या आसपास भरतात. ओठ मांसल, मिशांच्या दोन जोड्या. कोळस हा दुसरा नदीमासा आणि महाशीर यांची पिल्लं घाईत एकमेकांत मिसळतात, म्हणून शंका आली की फोटो काढा आणि वहीत ‘शंका’ असंच लिहा. अंदाजानं नाव घालू नका.

दुसरी पायरी : विणीला आलेले मोजा

नव्या माणसाची पहिली ओढ असते जाळ्यात आलेला मासा मोजायची. त्यावरून कळतं ते मासेमारी किती झाली एवढंच. सॅमनवाले मोजतात ते जाळ्यागळातून सुटून विणीच्या जागी पोचलेले मासे, कारण पुढची पिढी तेवढ्यांचीच.

ते कसं मोजतात हे जवळून बघण्यासारखं आहे. सॅमनची मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटक्यांनी तळाचे गोटे उडवते, खळगा करते, अंडी घालते आणि वरच्या अंगाचे गोटे उडवून ती झाकते. आजूबाजूचा तळ शेवाळानं काळपट असतो. हे घरटं मात्र धुतल्यासारखं उजळ, लांबट दिसतं. वरच्या बाजूला खळगा, खालच्या बाजूला गोट्यांचा उंचवटा, आणि अंडी त्या उंचवट्यात. मोजणारा प्रवाहाच्या कडेनं चालतो, प्रत्येक घरट्याशेजारच्या झुडपाला तारीख लिहिलेली फीत बांधतो, आणि आठवड्या-दहा दिवसांनी परत येऊन फक्त नवी घरटी मोजतो. उंचवट्यावर पाय पडू नये याची त्याला सतत काळजी घ्यावी लागते.

महाशीराच्या बाबतीत हे जमत नाही. तो पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर विणतो, आणि तेव्हा आपल्या नद्यांत हातभर खोलसुद्धा दिसत नाही. म्हणून आपण एक पाऊल पुढं जाऊन पिल्लं मोजायची. पाऊस ओसरून पाणी निवळलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उथळ कडा, खळाळाखालचे छोटे डोह आणि ओढ्यांची तोंडं तपासा. बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायच्या आधी पहिली फेरी उरकली पाहिजे, कारण पाणी अडलं की पिल्लांच्या उथळ जागा बुडतात आणि मागच्या वर्षीशी तुलनाच राहत नाही.

फेकजाळं वापरणार असाल तर जागा, जाळ्याचा आस (भोकाचं माप) आणि फेकींची संख्या दरवर्षी तीच ठेवा. एका जागी दहा फेकी ठरल्या तर दहाच. पाचव्या फेकीला भरपूर मासा आला म्हणून थांबायचं नाही, दहाव्यालाही काही आलं नाही म्हणून अकरावी मारायची नाही. नोंद ‘दहा फेकींत किती’ अशी करा. शून्य आलं तर शून्य लिहा. रिकामी ठेवलेली चौकट पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही.

सोसायटीच्या रोजच्या मासेमारीचे आकडेही सोन्यासारखे आहेत, पण त्यांच्याबरोबर जाळी किती, तास किती, माणसं किती हे हवं. दुप्पट जाळी लावून मासा तेवढाच मिळाला, तर तो घटलाय.

तिसरी पायरी : लांबी मोजा

माझ्या मते नवख्यानं सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. सॅमनच्या पॅसिफिक जाती एकदाच विणतात आणि मरतात. महाशीर अनेक वर्षं जगतो, पुन्हापुन्हा विणतो, मादीला पहिल्यांदा विणीला यायलाच काही वर्षं लागतात आणि रोहू-कटल्याच्या मानानं ती फार कमी अंडी घालते. त्यामुळं एखाद्या डोहात मोठे मोठे महाशीर वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि त्यांची एकही पिढी खाली वाढत नसते. बघणारे खूश असतात. मग एका उन्हाळ्यात ते म्हातारे मासे जातात आणि डोह रिकामा होतो.

हे टाळायचं साधन म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यावर सेंटिमीटरची पट्टी आणि एका टोकाला आडवी पट्टी. फळी ओली करा, हात ओले करा. कोरड्या हातानं माशाची बुळबुळीत साय निघते आणि मागाहून त्याला बुरशी लागते. तोंड आडव्या पट्टीला टेकवा, शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी वाचा, दुसऱ्यानं ती मोठ्यानं उच्चारून लिहावी, एक फोटो, आणि मासा पाण्यात. कल्ल्यात बोट घालून उचलायचं नाही. पिल्लं बादलीत ठेवायची तर बादली सावलीत ठेवा आणि पाणी वरचेवर बदला.

मग पाच-पाच सेंटिमीटरचे गट पाडून प्रत्येक गटात किती मासे आले ते आडव्या पट्ट्यांनी काढा. सुधारणाऱ्या नदीत लहान गटांत सर्वांत जास्त मासे, मधल्या गटांत त्याहून कमी आणि मोठ्यांत थोडे, असा उतार दिसतो. मधला एखादा गटच गायब असेल तर ती पिढी कुठल्या वर्षी बुडाली ते शोधा. नुसतेच मोठे असतील, तर आकडा कितीही असो, ‘सावरला’ हा शब्द वापरू नका.

चौथी पायरी : पिढीशी पिढी ताडून बघा

कॅनडाच्या फ्रेझर नदीत २००९ मध्ये सॉकाय जेमतेम १५ लाखांच्या आसपास परतले. हाहाकार उडाला, सरकारनं चौकशी आयोग नेमला. २०१० मध्ये त्याच नदीत जवळपास ३ कोटी आले. २००९ वर विसंबणारा म्हणाला असता मासा संपला. २०१० वर विसंबणारा म्हणाला असता आता कशाची चिंता. तिथल्या सॉकायचं चक्र मुख्यतः चार वर्षांचं आहे आणि चारांतलं एक वर्ष भराचं असतं. म्हणून २०१० ची तुलना २००६ शी करायची, २००९ शी नाही.

यातला कामाचा आकडा म्हणजे एका आईबापामागं विणीला परतलेली पोरं. समजा एका वर्षी २०० मासे विणीला आले आणि त्यांची ३०० पोरं पुढं विणीला पोचली, तर दीड. हा आकडा एकाच्या वर टिकत असेल तर गट वाढतोय. एकाच्या खाली असेल तर आज मासे कितीही दिसोत, उतरण सुरू आहे. महाशीराच्या पिढ्या एकमेकांत मिसळलेल्या असल्यानं हा हिशोब इतका स्वच्छ निघत नाही. तिसऱ्या पायरीतले लांबीचे गट इथं मदतीला येतात.

सरासरी काढताना साधी सरासरी घेऊ नका. समजा चार वर्षांचे आकडे ५०, ६०, ४० आणि १,००० आहेत. साधी सरासरी निघते २८७.५, म्हणजे चारांपैकी एकाही वर्षासारखी नाही. चारही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढलं तर येतात साधारण १०५. सॅमनच्या हिशोबात अशी गुणोत्तरी सरासरी वापरतात, ती यासाठीच: एक पिकाचं वर्ष बाकीची तीन दुष्काळी वर्षं झाकून टाकत नाही.

पाचवी पायरी : सोडलेला मासा आणि नदीचा मासा

अमेरिकेत हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या बऱ्याच सॅमनचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर सोडण्यापूर्वी कापतात. परत आल्यावर पर नसलेला हॅचरीचा. असलेला बहुधा रानटी. ही खूण नसती तर हॅचरीची मेहनत नदीच्या खात्यावर जमा झाली असती.

आपल्याकडं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास होते आणि तिथलं बीज देशभर गेलं आहे. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कावेरीत काय झालं तेही शिकून ठेवण्यासारखं आहे. तिथं सोडलेला निळसर परांचा दख्खनी महाशीर फोफावला. गळानं मासेमारी करणाऱ्या शिबिरांच्या नोंदींत महाशीर मिळण्याचं प्रमाण वाढत गेलं, आणि त्याच नोंदींत कावेरीचा स्वतःचा, नारिंगी परांचा कुबडा महाशीर नाहीसा होत गेला. तो आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, आणि त्याची शास्त्रीय ओळखच मुळी २०१८ मध्ये पक्की झाली. ‘महाशीर वाढला’ हे वाक्य खरं होतं. कुठला, हे विचारायचं राहिलं.

म्हणून सोसायटी, खातं, हौशी मंडळं यांच्याकडून सोडलेल्या बीजाची यादी मागा: कोणती जात, कुठून आणली, किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), कुठं, कोणत्या महिन्यात. पुराचं वर्षही वेगळं खुणावून ठेवा. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात शेततळ्यांतला आणि तलावांतला मासा नदीत येतो आणि पुढच्या हंगामात जाळ्यात जे भरतं ते नदीनं पिकवलेलं नसतं. सोडलेल्या माशाचं आणि नदीच्या माशाचं खातं वेगळं करता आलं नाही, तर अहवालात तसं ठळक लिहा.

सहावी पायरी : पसरला किती

अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००० मध्ये सॅमनच्या तब्येतीच्या चार बाजू ठरवून दिल्या: संख्या, पैदाशीचा वेग, पसारा आणि विविधता. पहिल्या दोन आपण बघितल्या. पसारा महत्त्वाचा, कारण सगळा मासा एकाच जागी असेल तर एकच आपत्ती पुरते. फ्रेझरच्या बिग बार इथं दरड कोसळून नदी अडल्याचं जून २०१९ मध्ये लक्षात आलं, आणि वरच्या सगळ्या ओढ्यांच्या माशाची वाट एकदम बंद झाली. उलट वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली आणि सॅमन शंभर वर्षांनी वरच्या पाण्यात चढला.

महाडजवळ वाळण कोंडीला देवीच्या श्रद्धेनं राखलेल्या डोहात महाशीर झुंडीनं दिसतात. आपल्याकडंही कुठं-कुठं देवाचे डोह आहेत. ते जपलेच पाहिजेत. पण त्या डोहातली गर्दी म्हणजे पूर्ण नदीची तब्येत नव्हे. डोहाच्या वर आणि खाली, दोन-दोन किलोमीटरवर पिल्लं मिळतात का ते तपासा.

नकाशावर बंधारे मांडा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याच नावानं देशभर ओळखला जातो आणि त्याचा एक गुण माशाच्या उपयोगाचा आहे: पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, म्हणजे चढणीच्या दिवसांत वाट निदान काही प्रमाणात मोकळी असते. वरच्या धरणांच्या भिंती मात्र बारा महिने उभ्या. कुठल्या बंधाऱ्याचे बरगे कधी निघाले आणि कधी बसले, ही तारीख माशाच्या नोंदीशेजारी लिहा. पाटकऱ्याला विचारलं की मिळते.

सातवी पायरी : पाण्याची नोंद

२०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबियाचं पाणी तापलं आणि चढणीला निघालेल्या सॉकायपैकी सुमारे अडीच लाख विणीच्या जागी पोचण्याआधीच मेले. मासेमारीवर कितीही बंधनं घातली असती तरी ते वाचले नसते. पंचगंगेचं दुखणं याच जातीचं आहे. उन्हाळ्यात प्रवाह थांबतो, बंधाऱ्यांत पाणी तुंबतं, त्यात सांडपाणी आणि कारखान्यांचं मळीचं, रंगाचं पाणी मिसळतं आणि तेरवाडसारख्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो. अशी एक रात्र तीन-चार पिढ्या एकदम नेते.

म्हणून पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजा, आणि तो सूर्य उगवायच्या आधी मोजा. दुपारी शेवाळ-वनस्पती प्राणवायू सोडतात, आकडा फसवा चांगला येतो. पहाटे तो सर्वांत खाली असतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली मासा अडचणीत येतो, २-३ च्या खाली मरू लागतो. तापमानही त्याच वेळी लिहा. मासे मेल्याचं कळलं तर त्याच दिवशी जा: जात, लांबी, अंदाजे संख्या, फोटो, पाण्याचा रंग. दोन दिवसांनी तिथं काहीच उरत नाही.

आठवी पायरी : रेघ आधी ओढा

राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागल्यावर कुणी धोक्याची रेघ ठरवायला बसत नाही. माशाचंही असंच हवं. कॅनडानं २००५ च्या रानटी सॅमन धोरणात प्रत्येक गटाला दोन रेघा ओढायचं ठरवलं: खालच्या रेघेखाली लाल, दोहोंच्या मध्ये पिवळा, वर हिरवा.

तुमच्या डोहापुरत्या रेघा मोजणी सुरू करण्याआधी, सोसायटीच्या लोकांना बरोबर घेऊन ठरवा आणि त्यांचं कारण लिहून ठेवा. नमुना म्हणून: दहा फेकींत पिल्लं मिळणाऱ्या जागा निम्म्याहून कमी असतील किंवा लांबीचे दोन गट गायब असतील तर लाल, त्या वर्षी विणीच्या डोहात जाळं बंद आणि जून ते ऑगस्ट चढणीचा मासा धरायचा नाही. पिवळ्यात मोठ्या आसाचं जाळं, ठरावीक दिवस, आणि मोठ्या माद्या परत सोडायच्या. हिरव्याला पोचायचं तर एक चांगलं वर्ष पुरत नाही. निदान एक पूर्ण पिढी रेघेच्या वर टिकली पाहिजे. खाली उतरताना मात्र एवढी वाट बघायची नाही, लाल दिसला की त्याच हंगामात हात आखडायचा. हा असमान नियम मुद्दाम आहे. थोडी जास्त काळजी घेतली तर एका हंगामाचं उत्पन्न जातं, कमी घेतली तर मासा जातो. बंदीचा भार एकट्या मच्छीमारावर पडत असेल तर त्याच्या भरपाईचा मुद्दाही त्याच अहवालात, त्याच ठळक अक्षरांत हवा. ज्याची चूल त्या नदीवर पेटते त्याला वगळून ठरवलेली रेघ पाण्यात टिकत नाही.

नववी पायरी : एका पानाचा अहवाल

मोठा अहवाल कुणी वाचत नाही. एक पान करा, मराठीत. वर नदी आणि गाव, मग गेल्या वर्षांची पिल्लांची नोंद, लांबीच्या गटांचं चित्र, मासे मेल्याच्या घटना, सोडलेल्या बीजाची यादी, आणि रंग. आकडा देताना पल्ला द्या: ‘४० ते ९०’ असं लिहिणं ‘६५’ लिहिण्यापेक्षा प्रामाणिक आहे. दोन फेऱ्यांत महाशीर दिसला नाही तर ‘आढळला नाही’ लिहा, ‘नाही’ लिहू नका.

हे पान सोसायटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तेही पुढच्या चढणीच्या आधी, मे महिन्यात. हरकती येतील, त्या पानाच्या मागं लिहून घ्या. ‘त्या डोहात तुम्ही जाळं टाकलंत ती जागाच चुकीची’ असं जुना मच्छीमार सांगेल तेव्हा बहुतेकदा त्याचं बरोबर असतं, आणि ऑक्टोबरच्या फेरीत ती जागा वाढवता येते. जुनी जागा मात्र सोडू नका, नाहीतर आधीच्या वर्षांशी दुवा तुटतो. एक प्रत मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोच घेऊन द्या, एक ग्रामपंचायतीत, आणि मूळ वही दोन घरांत दोन प्रतींत ठेवा, शक्यतो पूररेषेच्या वरच्या घरांत.